मोठ्या घरापाशी लाईट गेली

आमची गल्ली बेळगावात खडेबाजारापासून हाकेच्या अंतरावर. गल्लीत शिरलं की डाव्या हाताला पिठाची गिरणी, गिरणीच्या भिंतीला भिंत लावून मंडप आणि लाउडस्पीकरचं दुकान, आणि गल्ली जिथं संपते तिथं मारुतीचं देऊळ. मधल्या भागात आम्ही राहत होतो, म्हणजे प्रतिष्ठित माणसं. एक वकील, एक निवृत्त हेडमास्तर, एक शिंपी, भजनी मंडळ चालवणाऱ्या काकू, पोस्टात नोकरी करणारे माझे वडील, आणि सगळ्यांत मोठ्या दुमजली घरात महसूल खात्यातून निवृत्त झालेले साहेब. साहेब धारवाडकडचे. त्यांना गल्लीत येऊन पुष्कळ वर्षं झाली होती, तरी आम्ही त्यांना 'नवीन आलेले' म्हणत होतो.

माईकचं दुकान चालवणारा माणूस कंग्राळीचा. घरची शेती भावाकडं सोपवून तो शहरात आला होता आणि दुकानाच्या मागच्या खोलीत बायकोसह राहत होता. गल्ली त्याला अण्णा म्हणायची आणि तिला आक्का. बेळगावात राहून अण्णानं कधी कुठली बाजू घेतली नाही. सकाळी मराठीच्या सभेला भोंगे बांधायचा आणि 'एक, दोन, तीन' म्हणून तपासायचा. संध्याकाळी कन्नडच्या सभेला तेच भोंगे दुसऱ्या चौकात चढवायचा आणि 'वंदु, यरडु, मूरु' म्हणायचा. दोन्हीकडचे पुढारी एकमेकांना आव्हान द्यायचे ते एकाच भोंग्यातून. भोंग्याला त्याचं काही वाटत नव्हतं, आणि अण्णालाही नाही. वक्ता फार तापला की तो हळूच मशीनचा आवाज कमी करायचा. राजकारणातला त्याचा भाग तेवढाच.

आक्काचं तसं नव्हतं. तिचं माहेर संकेश्वरचं, आणि जीभ तिकडच्या उसासारखी, गोड आणि कडेला धारदार. गिरणीत दळायला आलेली बाई डबा रांगेत ठेवायची आणि नंबर येईपर्यंत आक्काच्या उंबऱ्यावर टेकायची. टेकल्यावर बोलायचं काय? स्वतःच्या घरातलं बोलणं बरं दिसत नाही, म्हणून जी ती शेजारच्या घरातलं बोलायची. अशा रीतीनं गल्लीतल्या सगळ्या घरांची माहिती आक्काकडं जमा झाली होती, आणि ती आम्हीच आणून दिली होती. हे नंतर कुणी कबूल केलं नाही.

मी तेव्हा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. चैत्रातली दुपार होती. दुसऱ्या दिवशी हनुमान जयंती म्हणून अण्णानं देवळावर दोन भोंगे बांधले आणि वायर खांबाखांबावरून आपल्या दुकानापर्यंत आणली. मशीन देवळात ठेवलं की येईल तो बटणं फिरवतो, म्हणून मशीन आणि माईक दुकानातच ठेवायची त्याची पद्धत. तपासणी चालू असताना लाईट गेली. लाईट जाणं ही काही नवलाची गोष्ट नव्हती. अण्णा म्हणाला, येईल तवा येईल, आणि एक पिन आणायला खडेबाजारात गेला. मशीनचं बटण चालूच राहिलं. माईक काउंटरवर.

आणि नेमकी त्याच दुपारी आक्काची मावशी संकेश्वरहून आली होती. गिरणीवाल्यांच्या थोरल्या मुलाला आपली मुलगी द्यावी असं मावशीच्या मनात होतं. पण संकेश्वरची माणसं पक्की. नुसतं घर बघून मुलगी देत नाहीत, शेजार बघून देतात. मावशी शेजार बघायला आली होती, आणि शेजार बघायला उठून फिरायची गरजच नव्हती. आक्का होती.

थोड्या वेळानं लाईट आली. शेजारची गिरणी धडधडू लागली. गिरणी चालू असली की आक्काच्या दुकानात स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येत नाही, त्यामुळं बोलणारा आपोआप मोठ्यानं बोलतो. दोघी मोठ्यानं बोलू लागल्या. गल्लीच्या दुसऱ्या टोकाला देवळावरचे भोंगे जागे झाले. सगळ्यांत आधी ऐकू आला तो पानाचा डबा उघडल्याचा खण्ण आवाज.

"गल्ली कशी हाय गं?" मावशीनं देवळावरून विचारलं.

"बरी हाय. माणसं काय, सगळीकडं असत्यात तसली," आक्का म्हणाली.

आमच्या घरात आई डाळ निवडत होती. ती दचकली. "अगं, माईक चालू राहिला वाटतं. जा, पळत जाऊन सांग तिला."

मी चप्पल घातली. तेवढ्यात भोंगा म्हणाला, "त्यो कोपऱ्यावरचा वकील कसा हाय?"

आईनं माझा हात धरला. "थांब जरा. ऊन आहे."

"वकील?" आक्का म्हणाली. "रविवारीबी काळा कोट घालून फुडच्या खोलीत बसतोय. कुणी आलं की टेबलावरच्या फायली हिकडच्या तिकडं करतोय. फायलीत रद्दी हाय मावशी, लाल फितीत बांधलेली."

कोपऱ्यावरच्या घराची खिडकी खाडकन मिटली. आई तोंडाला पदर लावून हसली. "बोलायला काही ताळतंत्र?" ती म्हणाली, पण हात सोडला नाही.

मग हेडमास्तर. हेडमास्तर म्हणजे आमच्या गल्लीची अस्मिता. मराठी शाळा वाचवा म्हणून ते प्रत्येक सभेत बोलायचे आणि बोलताना त्यांचा गळा दाटून यायचा. आक्का म्हणाली, "भाषणाला माईक आमचाच असतोय. नातू इंग्रजी शाळंत जातोय. त्याचा टाय घरात बांधत न्हाईत, रिक्षात बसला की बांधत्यात. गल्लीत दिसाय नको."

शिंप्याची पाळी आली. "शिवतोय झ्याक. पर गल्लीतल्या समद्या बायकांचा झंपर त्याच्या पोरींच्या फ्रॉकात दिसतोय. माझ्या लुगड्यावरचा निळा तुकडा मी धाकटीच्या बाहीवर वळखला." मग भजनी मंडळाच्या काकू. "उपास लई कडक. साबुदाणा, वरी, रताळी, शेंगदाण्याचं लाडू. एकादशीला काकू जेवढं खात्यात तेवढं आम्ही लग्नाच्या पंगतीला न्हाय खात."

आई आता डाळ सोडून दारात उभी होती. समोरच्या दारात शिंप्याची बायको, पलीकडं वकिलीणबाई. सगळ्या एकमेकींकडं न बघता वर, आभाळाकडं बघत होत्या, जणू पाऊस येतो का बघायला आल्या आहेत.

"आन् त्या पोस्टातल्याचं घर?" मावशीनं विचारलं.

ते आमचं.

"माणसं वाईट न्हाईत," आक्का म्हणाली, आणि आईचा चेहरा जरा सैल झाला. "पर आत गेलं की बाई म्हणती, 'चहा नको ना?' आता असं इचारल्यावर व्हय कोण म्हणंल, तूच सांग. कैक वर्सं झाली, त्या घरातला चहा मी बघितला न्हाय."

मी पुन्हा चप्पल घातली. "जाऊन सांगू का आता?"

"आता कशाला?" आई म्हणाली. "आपलं झालं ना. बाकीच्यांचंही होऊ दे."

नंतर हळूहळू कळलं की प्रत्येक घरात हेच झालं होतं. स्वतःची पाळी येईपर्यंत शेजाऱ्याचं ऐकायचं म्हणून कुणी उठलं नाही, आणि पाळी येऊन गेल्यावर आपण एकटेच का, म्हणून उठलं नाही. मुलांना हाक मारून घरात बोलावण्यात आलं. त्यामुळं मुलांनी खिडकीतून ऐकलं.

"आन् गिरणीवाली?" मावशी आता मुद्द्यावर आली.

"डोळं झाकून दे पोरगी," आक्का म्हणाली. आवाज एकदम मवाळ झाला. "लई चांगली माणसं. म्हातारी कुणाचं पीठ कुणात मिसळू देत न्हाय. बाजरीमागनं गहू आला तर आदी मूठभर आपलं धान्य टाकून जातं साफ करती. तोंडातनं वावगा शबूद न्हाय. ह्या गल्लीत घर म्हणावं असं तेवढं एकच."

ही एवढी स्तुती गल्लीत कुणाचीच झाली नाही. ती सगळ्यांनी ऐकली, गिरणीवाले सोडून. त्यांची गिरणी चालू होती.

"तुझा नवरा बरा वागतोय न्हवं?"

"आमचं हे? हॅलो हॅलो सोडून जन्मात तिसरा शबूद बोलल्यात का इचार. लगीन ठरवायला आल्ते तवा मला वाटलं मुकं हैत."

अण्णा त्या वेळी पिन घेऊन परत येत होता आणि गल्लीच्या तोंडाशी पोचला होता. बायकोचा आवाज देवळाकडून येतोय हे कळायला त्याला थोडा वेळ लागला. कळल्यावर तो पळत सुटला.

तेवढ्यात मावशीनं शेवटचा प्रश्न विचारला. "आन् ते मोठं दुमजली घर कुणाचं?"

"साहेबाचं." आक्कानं दम घेतला. भोंग्यातून तो दम सगळ्या गल्लीनं ऐकला. "त्या घराचं तर तुला काय सांगू मावशी..."

आणि लाईट गेली.

गिरणी थांबली. असली शांतता आमच्या गल्लीत मी पुन्हा कधी ऐकली नाही. गिरणीवाला पिठानं पांढरा होऊन बाहेर आला तर प्रत्येक दारात माणूस उभा.

"काय झालं हो? कोण गेलं काय?" त्यानं घाबरून विचारलं.

"लाईट," हेडमास्तर म्हणाले. "लाईट गेली. म्हणून बघत होतो."

सगळे आत गेले आणि दारं लागली. त्या दिवसापासून गल्लीनं ठरवलं की आपण काहीही ऐकलेलं नाही. ठरवलं म्हणजे सभा भरवली नाही. असल्या गोष्टींत आमची एकी आपोआप होते. मावशीला संध्याकाळच्या गाडीनं संकेश्वरला पाठवण्यात आलं. आक्का दोन दिवस मागच्या खोलीतून बाहेर आली नाही. अण्णा तिला काय बोलला म्हणाल, तर तो काहीच बोलला नाही. तेवढं तिचं खरंच होतं.

पण न ऐकलेल्या गोष्टींचा परिणाम दिसू लागला. वकिलांनी रद्दीचे गठ्ठे उचलून शहापूरच्या रद्दीवाल्याला घातले. त्या गडबडीत एक खरी फाईल गेली, हे त्यांनी फक्त माझ्या वडिलांना सांगितलं. शिंप्याकडून ब्लाऊज यायचा तो उरलेल्या तुकड्याची सुबक गुंडाळी करून, वर टाचणी लावून. बोटभर चिंधीसुद्धा परत यायची. काकूंनी पुढच्या एकादशीला एका केळ्यावर उपास काढला आणि संध्याकाळी भजनात टाळासकट कलंडल्या. त्यानंतरच्या एकादशीला खिचडी परत सुरू झाली, फक्त मागच्या दाराला कडी घालून. हेडमास्तरांनी नातवाचा टाय उंबऱ्यावर सगळ्यांदेखत बांधायला सुरुवात केली आणि भाषणात 'मराठी शाळा'च्या जागी 'मराठी संस्कृती' म्हणू लागले. संस्कृतीत नातवाचं नाव घालावं लागत नाही.

आमच्या घरात चहाचं पातेलं उतरेना. पोस्टमन, गवळी, वीज खात्याचा मीटर बघणारा, जो येईल त्याला आई बसवायची आणि नको म्हणायची सोय ठेवायची नाही. एकदा चुकून आलेल्या माणसालाही तिनं चहा पाजला. त्याला दुसऱ्या गल्लीत जायचं होतं.

खरी पंचाईत झाली ती मोठ्या घराची. बाकीच्यांचं जे काय होतं ते एकदाचं होऊन गेलं. साहेबांचं मात्र वाक्य अर्ध्यावर राहिलं होतं, आणि अर्धं वाक्य गल्ली पुरं करते. वकील म्हणाले, जमिनीचं प्रकरण असणार. काकू म्हणाल्या, सुनेचं. वडील म्हणाले, आपल्याला काय करायचंय, आणि पुन्हा पुन्हा म्हणाले. साहेबांना स्वतःला वाटलं की यात भाषेचं राजकारण आहे. आपण कन्नड म्हणून वाक्य मुद्दाम आपल्याच घरापाशी आणून सोडलं. नेमकी त्याच मिनिटाला लाईट कशी गेली, याचा खुलासा मागणारा अर्ज वीज खात्याला करावा असं त्यांनी ठरवलं होतं. त्यांच्या बाईंनी तो करू दिला नाही. अर्जात विषय काय लिहिणार, असं त्यांनी विचारलं म्हणे.

त्या दुपारनंतर चार दिवसांनी आईनं मला वाटीभर शेवयांची खीर देऊन आक्काकडं पाठवलं. आपलं घर कसं अगत्याचं आहे हे ठसवायची एकही संधी ती सोडत नव्हती. मी दुकानात उभी होते, आणि साहेबांच्या बाई आल्या. त्यांना गल्लीतून चालत येताना मी पहिल्यांदाच बघत होते. एरवी त्या दारातून रिक्षात आणि रिक्षातून दारात. आक्का घाईघाईनं उठली.

"बसा बसा," बाई म्हणाल्या. त्यांच्या मराठीला कन्नडचा गोल सूर होता. "मी एकच विचारायला आले. त्या दिवशी आमच्या घराचं काय सांगणार होता? हेळ की. सांगा. मला राग येत नाही."

"कुठं काय बाईसाब? मी काय म्हटल्यालंच न्हाय."

"म्हटलं नाही, म्हणूनच आले. म्हटलं असतं तर घरीच बसले असते."

आक्कानं माझ्याकडं बघितलं. मी खिरीकडं बघितलं. शेवटी ती खाली बसली आणि पडद्याच्या दोऱ्या उलगडत म्हणाली, "खरं सांगू? मला काय ठाऊकच न्हवतं. तुमचं दार सदा लावल्यालं. दळणबी गडी घेऊन येतोय. तुमच्या घरातलं कोण काय आणूनच देत न्हाय. मावशीम्होरं माझी अब्रू जाया नको म्हणून 'काय सांगू' असं म्हटलं. लाईट ऱ्हायली असती तर कायतरी रचूनच सांगितलं असतं."

बाई गुंडाळलेल्या सतरंजीवर बसल्या. हे उत्तर त्यांनी धरलं नव्हतं.

"काहीच माहीत नाही?"

"काय न्हाय."

"म्हणजे, साहेबांना सहा महिने सस्पेंड केलं होतं, ते?"

"न्हाय."

"थोरल्याचं ठरलेलं लग्न मोडलं, ते? सून वेगळी चूल मागते, ते? मला रात्रीचं डोळ्यांनी दिसत नाही, जिन्यावरून दोनदा पडले, ते?"

"अय्यो," आक्का म्हणाली. तिचं तोंड उघडंच राहिलं. सबंध गल्लीनं मिळून कैक वर्षांत आणलं नसेल एवढं सामान बाईंनी एका दमात आणून टाकलं होतं. बाईंच्याही ते ध्यानात आलं. त्यांनी तोंडावर हात ठेवला, आणि मग हसू लागल्या. आक्काही हसली. दोघी डोळे पुसेपर्यंत हसल्या. वाटी रिकामी करून घ्यायची होती, ती तशीच ठेवून मी घरी आले. आईनं विचारलं, "काय म्हणत होत्या?" मी म्हटलं, खीर आवडली.

आक्कानं ते कुणाला सांगितलं असतं की नाही कोण जाणे. तशी वेळ आलीच नाही. दुसऱ्या दिवशी साहेबांच्या बाई स्वतः डबा घेऊन गिरणीत आल्या, नंबर लावला, उंबऱ्यावर टेकल्या आणि बायकांना सगळं सुरुवातीपासून सांगितलं. सस्पेन्शन का झालं, कुणामुळं झालं, सून काय म्हणाली, त्यावर आपण काय म्हणालो. अडलं की कन्नड, सुटलं की मराठी. बायका चुकचुकल्या. शिंप्याच्या बायकोनं आपल्या जावेचं सांगितलं. काकूंनी रातांधळेपणावर शेवग्याचा पाला सुचवला. आठवड्याभरात तो वरच्या गल्लीतून कुणी ना कुणी आणून देऊ लागलं.

साहेब हादरले. आयुष्यभर त्यांनी गोपनीय शेऱ्याचे कागद कुलपात ठेवले होते, आणि घरचा गोपनीय शेरा बायको गिरणीत वाचून दाखवत होती. पण पंधरा दिवसांनी ते वाण्याकडं गेले तेव्हा हेडमास्तर त्यांना म्हणाले, "सस्पेन्शन मलाही झालं होतं. शाळा तपासणीत." हे हेडमास्तरांच्या घरातही कुणाला माहीत नव्हतं. दोघं देवळाच्या कट्ट्यावर जाऊन बसले आणि दोन्ही सरकारांना यथेच्छ शिव्या देऊन जेवायला घरी आले. त्यानंतर साहेबांना कुणी नवीन आलेले म्हटलेलं मी ऐकलं नाही.

मावशीची मुलगी गिरणीवाल्यांकडं पडली. लग्न गल्लीतच झालं, मांडव अण्णाचा. आम्ही सगळे नवरीला जरा बिचकून होतो, कारण तिच्या आईनं सगळं ऐकलं होतं आणि ते तिला सांगितलं असणार. वकिलांनी तर आहेर वाढवून दिला. आहेर देताना प्रत्येक जण 'आम्ही तसे नाही' असा चेहरा करत होता. साहेबांनी अक्षता पडल्यावर माईक मागून घेतला आणि अर्धा आशीर्वाद कन्नडमध्ये, अर्धा मराठीत दिला. लांबला. अण्णानं हळूच आवाज कमी केला.

सासूला, म्हणजे गिरणीच्या म्हातारीला, त्या दुपारी तिच्याबद्दल काय बोललं गेलं ते शेवटपर्यंत कळलं नाही. सांगायचं तर आम्ही ऐकलं होतं हे कबूल करावं लागलं असतं. वाईट बोललेलं लोक आडून आडून तरी पोचवतात. चांगलं पोचवायला कुणाला वेळ नसतो.

आता माईकच्या दुकानाच्या जागी मोबाईलची कव्हरं मिळतात. अण्णा आणि आक्का कंग्राळीला परत गेले. त्यांचा मुलगा गाडीवर भिंतीएवढे स्पीकर लावून वरातीला जातो, आणि त्याच्यापुढं कुणी काही बोललं तरी ऐकू येत नाही. गिरणी ती संकेश्वरची सूनच चालवते. दळण कमी झालंय, पण लाल तिखट आणि थालीपिठाच्या भाजणीवर चालतं म्हणाली.

साहेब गेल्यावर मुलांनी बाईंना पुण्याला नेलं होतं. दीड महिन्यात त्या परत आल्या. बाराव्या मजल्यावर राहून काय करायचं, म्हणाल्या, तिथं शेजारणीला विचारलं 'सून कशी आहे?' तर ती म्हणाली 'फाईन'. आता मोठ्या घरात खालच्या मजल्यावर एकट्या असतात. डोळ्यांचं ऑपरेशन झालंय. दुपारी गिरणीच्या पायरीवर खुर्ची टाकून बसतात.

गेल्या महिन्यात बेळगावला गेले तेव्हा त्यांनी मला अडवलं आणि तासभर गल्लीचं सांगितलं. कोण विकून गेलं, कुणाचा मुलगा बेंगळूरला, कुणाची मुलगी परत आली. मग माझ्यावर आल्या. पगार किती, गुडघे कसे आहेत, जावई बोलतो का. मी सगळं सांगितलं आणि स्टँडची रिक्षा धरली.